हनोईचा एक रविवार पायी : वाचकांच्या शंका

प्रश्न : आम्ही उभयतां साठी ओलांडलेले असून येत्या नोव्हेंबरात एका सहलीबरोबर व्हिएतनामला जात आहोत. कार्यक्रमात हनोईचा एक रविवार मोकळा आहे. रोज संध्याकाळी राजवाडा-सराफ्याकडे आमची फेरी असते, तेव्हा चालण्याची सवय आहे. मात्र यजमानांचा एक गुडघा दुखरा आहे, आणि आम्ही अंडेही खात नाही. बरोबरच्या मंडळींनी हो चि मिन्ह यांची समाधी, साहित्य मंदिर, जुना तुरुंग, तलाव आणि जुने शहर अशी यादी केली आहे. हे सारे एका दिवसात पायी जमेल का? तेथील रस्ते ओलांडणे फार कठीण असते, हे खरे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जमेल, पण जमवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समाधी आणि साहित्य मंदिर तलावापासून पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर आहेत. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशी फक्त सकाळी उघडी असते, त्यामुळे रविवारी तेथे स्थानिक कुटुंबांची मोठी रांग लागते. त्या रांगेत गुडघ्याची सगळी ताकद संपली, तर उरलेल्या दिवसात शहर पाहायचे ते मोटारीच्या काचेतूनच. त्यापेक्षा होआन किएम तलाव आणि त्याच्या उत्तरेचे जुने शहर एवढेच धरावे.

आपला मोकळा दिवस रविवार आहे, हे भाग्यच समजावे. 2016 पासून शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, आणि पावणेदोन किलोमीटरची ती प्रदक्षिणा निर्धास्त करता येते. सकाळी सहापूर्वी गेलात तर काठावर व्यायाम करणारी ज्येष्ठ मंडळी दिसतील, बसायला बाकही मिळेल. राजा ले लोय याने पंधराव्या शतकात चीनच्या मिंग सत्तेला हुसकावले आणि पुढे त्याची दैवी तलवार याच तलावातील कासवाने परत घेतली, अशी कथा आहे. तांबड्या लाकडी पुलावरून न्गोक सोन मंदिरात गेल्यावर तलावातील महाकाय कासवाचे जतन केलेले शरीर पाहायला मिळते. या जातीचे येथील शेवटचे कासव जानेवारी 2016 मध्ये मेले, तेव्हा शहराला खरोखरच दुःख झाले होते.

तेथून हांग गाय रस्त्याने जुन्या शहरात शिरावे. ली थाय तो या राजाने 1010 मध्ये राजधानी येथे आणली आणि पुढे गावोगावचे कारागीर धंद्यानुसार एकेका रस्त्यावर वसत गेले. रस्त्यांची नावेही त्या मालावरूनच पडली. काही ठिकाणी नाव राहिले आणि माल बदलला. हांग गायवर पूर्वी ताग विकला जाई, आता रेशमी कापड विकले जाते. हांग थिएकवर मात्र अजूनही पत्रा ठोकण्याचा आवाज चालूच असतो, लान ओंग रस्त्यावर वाळलेल्या औषधी मुळ्यांचा आणि सालींचा वास दुकानांच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि हांग मा रस्त्यावर पितरांसाठी जाळावयाच्या कागदी वस्तूंचे ढीग असतात, ज्यांत कागदी नोटांपासून कागदी मोटारींपर्यंत सर्व काही मिळते. माझ्या मते हनोईतील कोणत्याही संग्रहालयापेक्षा हा रस्ता अधिक शिकवून जातो. घरांचे दर्शनी भाग तीन-चार मीटर रुंद, पण आतली लांबी त्याच्या कितीतरी पट असते. दर्शनी रुंदीवर कर लागे म्हणून ती अशी बांधली गेली, असे सांगतात. मा मे रस्त्यावरील 87 क्रमांकाचे घर दुरुस्त करून पाहण्यासाठी खुले ठेवले आहे. मधल्या उघड्या चौकातून आत उजेड आणि वारा कसा येतो, हे तेथे नीट समजते.

आता रस्त्याविषयी. पदपथ मोटारसायकली आणि खाण्याच्या गाड्यांनी व्यापलेले असतात, म्हणून बरेचदा रस्त्याच्या कडेने चालावे लागते. राजवाड्यासमोर संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्याला गर्दीची भीती वाटणार नाही, पण इंदूरची सवय तेथे अंगाशी येईल. आपण हात दाखवतो, दोन पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. हनोईचा दुचाकीस्वार मात्र आपण त्याच संथ गतीने पुढे जाणार हे गृहीत धरून आपल्या मागून किंवा पुढून वळण घेतो. म्हणून एकदा पाऊल टाकले की थांबू नये, मागे फिरू नये, धावू तर मुळीच नये. बस आणि ट्रक यांना हा नियम लागू नाही, ते जाऊ द्यावेत. तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, तेव्हा प्रथम डावीकडे पाहावे. दुखऱ्या गुडघ्यासाठी एवढेच सांगेन की रस्त्यावरच्या टपऱ्यांची प्लास्टिकची बैठी स्टुले टाळावीत. आतमध्ये खुर्ची असलेले कॉफीगृह शोधावे. दुपारी तलावाच्या ईशान्य कोपऱ्यावरील नाट्यगृहात पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पाहावा. भातखाचरांच्या प्रदेशातील ही जुनी कला आहे, कलावंत पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे असतात, आणि आपल्याला जवळजवळ तासभर बसायला मिळते.

जेवणासाठी पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरे शोधावीत. ती शुद्ध शाकाहारी जेवणाची खूण आहे. बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, त्यामुळे अशी दुकाने दुर्मीळ नाहीत. इतरत्र भाज्यांमध्येही मासळीपासून केलेले नुओक माम घालतात, आणि ‘मांस नको’ एवढे सांगून ते टळत नाही. हनोईची प्रसिद्ध अंड्याची कॉफी, जी 1946 च्या सुमारास दुधाच्या टंचाईतून निघाली, आपल्या उपयोगाची नाही. नारळाच्या दुधाची कॉफी मागवावी. पैसे देताना 20 हजार आणि 500 हजार डाँगच्या नोटा दोनदा पाहाव्यात, दोन्ही निळसर असतात.

प्रश्न : घरांना चिकटून धावणाऱ्या रेल्वेची हनोईतील गल्ली पाहायची आहे. तिथे सहज जाता येते का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : ती चालू रेल्वेमार्गाची गल्ली आहे, आणि गर्दी वाढल्यावर 2019 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये प्रशासनाने तेथे अडथळे उभारले. पहारेकरी अडवील तर वाद घालू नये आणि छायाचित्रासाठी रुळांवर कधीही उतरू नये. गाडीच पाहायची असेल तर जुन्या शहराच्या ईशान्येला लोंग बिएन पूल आहे. फ्रेंचांनी तो 1899 ते 1902 या काळात बांधला, अमेरिकी बाँबफेकीत तो अनेकदा तुटला आणि पुन्हा जोडला गेला. आजही मध्यभागातून रेल्वे आणि दोन्ही कडांनी दुचाक्या व पादचारी जातात. पायाखालच्या फरश्यांत फटी आहेत, म्हणून मोबाइल खिशात ठेवून चालावे.