साथीच्या काळात नर्सवर नेमका कसला ताण येतो? हॉस्पिटलनं काय केलं तर तो कमी होतो?

तुमची बहीण स्टाफ नर्स आहे आणि कोरोनातल्या ड्यूटीचा विषय निघाला की उठून जाते, असं तुम्ही लिहिलंय. २०२० आणि २०२१ मध्ये मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात होते, म्हणून सांगते.

लागण होण्याची भीती सुरुवातीला होती, पुढं मेली. पीपीई किटही अंगवळणी पडलं. किट चढवलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत काय व्हायचं ते न लिहिलेलं बरं. कोण कोण आहे ते कळावं म्हणून एकमेकींच्या पाठीवर मार्करनं नावं लिहायचो.

अंगावर यायचा तो वॉर्डातला मोबाइल. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळं अख्खी भावकी त्या एका नंबरवर. "सिस्टर, आण्णा जेवलं काय? डब्यातला पांढरा रस्सा दिलासा न्हवं?" मास्क जरा बाजूला केला की आण्णांचं ऑक्सिजन ८० च्या खाली, रस्सा कुठला पाजणार! (रश्श्यानं माणूस उठतो यावर आमच्या गावाचा औषधापेक्षा जास्त विश्वास.) रेमडेसिविर मिळेना तेव्हा शिव्या खायलाही आम्हीच. आणि आण्णा गेल्यावर तोच नंबर पुन्हा वाजायचा. डॉक्टर दुसऱ्या पेशंटजवळ, मग जी फोन उचलेल तिनं सांगायचं. हे काम कुणाच्याच ड्यूटीत लिहिलेलं नव्हतं.

यावर मॅनेजमेंटनं काय केलं? ताणमुक्तीचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. नाइट करून आलेल्यांसाठी, सकाळी ११ वाजता! शिवाय 'कोविड योद्धा' प्रमाणपत्र. ते कुठं ठेवलंय आठवतही नाही.

फरक पडला तो एका सीनियर डॉक्टरांमुळं. त्यांनी मोबाइल वॉर्डातून काढून घेतला. दुपारी ठरलेल्या वेळी डॉक्टरच प्रत्येक घरी फोन करणार, मृत्यूची बातमीही डॉक्टरच देणार. गेटवरची भांडणं कमी झाली, आमची आपसातली तर जवळपास थांबलीच.

दुसरी गोष्ट बदली सुट्टीची, म्हणजे जादा ड्यूटीच्या बदल्यात मिळणाऱ्या सुट्टीची. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती, तेवढ्यात पंचगंगेला पूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पलीकडच्या मुली अडकल्या, आत होतो त्यांनाच डबल ड्यूटी. तरी आमच्यातल्या बऱ्याच जणी ते दिवस कडवटपणे आठवत नाहीत. झोपायला खोली दिली, गरम जेवण दिलं आणि कबूल केलेली सुट्टी खरोखर दिली. आधी नुसती आश्वासनं मिळायची, त्याचाच राग जास्त होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, बर्नआउटला (कामाच्या ताणानं पार पिचून जाण्याला) आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला नाही की हे होतं, असं त्यात आहे. थकवा, कामाबद्दल तुटलेपणा, आपल्याकडून काहीच धड होत नाही ही भावना, ही त्याची लक्षणं. आमच्याकडं तर त्यावर 'मन खंबीर ठेवा' एवढंच सांगायचे.

बहिणीला "तेव्हा काय काय बघितलंस" असं विचारू नका. फोन कोण घ्यायचं, सुट्ट्या मिळाल्या का, असं काहीतरी विचारा. मॅनेजमेंटला शिव्या घालायला लागली तर घालू दे, मध्ये समजूत काढू नका. झोपच लागत नसेल, मॉनिटरचा आवाज स्वप्नात येत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. तोपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.