रिटायरमेंटला दहा दिवस, आणि खून पडला

तुम्ही विचारलंय: "निवृत्तीच्या तोंडावर आलेला मुरलेला डिटेक्टिव्ह आणि त्याची शेवटची खुनाची केस, या विषयावर एकच कादंबरी वाचायची झाली तर कुठली? की हा विषय आता पार चोथा झालाय?"

चोथा झालाय, यात वाद नाही. सिनेमात एखादा हवालदार "बास, आता चार दिवस, मग गावाकडं जाऊन द्राक्षबाग" असं म्हणाला की इंटरव्हलच्या आत त्याच्या फोटोला हार पडणार, हे शेजारच्या खुर्चीवरचं पोरगंसुद्धा सांगतं. तरी एक नाव देतो: इयान रँकिनची 'एक्झिट म्युझिक'. २००७ साली आलेली, इन्स्पेक्टर जॉन रीबसच्या मालिकेतली सतरावी. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा वडिलांमुळे. ते पुढे येईलच.

आधी गोष्ट थोडक्यात. नोव्हेंबर २००६, स्कॉटलंडमधलं एडिंबरा. रीबसच्या नोकरीचे जेमतेम दहा दिवस उरलेत. तोदोरोव नावाचा एक रशियन कवी, तिकडच्या राज्यकर्त्यांशी न पटलेला, किल्ल्याच्या कड्याखालून जाणाऱ्या किंग्ज स्टेबल्स रोडवर मरून पडलेला सापडतो. मारहाण झालेली. बघताक्षणी वाटतं, कुणीतरी लुटायला गाठलं आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. पण नेमके त्याच सुमाराला बडे रशियन उद्योगपती शहरात आलेत, बँकवाले आणि राजकारणी त्यांच्या मागंपुढं करतायत. आणि हे दिवस कुठले, तर तिकडे लंडनमध्ये रशियाच्या गुप्तचर खात्यातून फुटून आलेला लिटविनेन्को पोलोनियमच्या विषानं हॉस्पिटलात पडला होता तेच. २३ नोव्हेंबरला तो गेला. तेव्हा रशियन कवीचं प्रेत म्हटल्यावर कुणाचं डोकं कुठे जाईल ते सांगायला नको. खुनी कोण, ते मी सांगत नाही. पुस्तकाचा शेवट मात्र पुढे सांगणार आहे, त्याशिवाय उत्तरच पुरं होत नाही. ज्यांना तो नको त्यांनी इथेच थांबावं आणि पुस्तक मिळवावं.

आता हे पुस्तक बाकीच्यांपेक्षा वेगळं का, ते सांगतो. कादंबरीतले बहुतेक डिटेक्टिव्ह रिटायर होतच नाहीत, कारण त्यांना वयच नसतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या किंवा काळा पहाड. पुस्तकांमागून पुस्तकं आली, वाचणारी पोरं आजोबा झाली, पण या गड्यांचा एक केस पिकला नाही. अगाथा ख्रिस्तीच्या पायरोची तर कमालच आहे. १९२० सालच्या पहिल्याच कादंबरीत तो बेल्जियमच्या पोलिसांतून बाहेर पडून आलेला आहे. १९२६ मध्ये तो पुन्हा निवृत्त होऊन एका खेड्यात मॅरो पिकवत बसलेला दिसतो. मॅरो म्हणजे आपल्या दुधीच्या जवळपासचं प्रकरण. वैतागून तो त्यातला एक मॅरो भिंतीवरून शेजारच्या डॉक्टरच्या बाजूला भिरकावतो, आणि तो डॉक्टर थोडक्यात वाचतो. त्यानंतर हा निवृत्त माणूस कित्येक दशकं खून सोडवत राहिला. शेवटी १९७५ साली 'कर्टन'मध्ये गेला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर मृत्युलेख छापला. होम्सचंही तेच. मनात आलं तेव्हा ससेक्सला जाऊन मधमाश्या पाळल्या. ही सगळी खासगी माणसं. त्यांची निवृत्ती म्हणजे मर्जीचा मामला.

रीबस सरकारी नोकर आहे, आणि रँकिननं १९८७ पासून त्याला पुस्तकागणिक खरोखर म्हातारा होऊ दिलं. त्याचं जन्मसाल १९४७. मग एका खऱ्याखुऱ्या पोलिसानंच रँकिनला आठवण करून दिली की तुमच्या साहेबांची साठी भरत आली, आता त्यांना घरी बसवावं लागेल. म्हणजे ही तारीख लेखकानं नाट्यासाठी ठरवलेली नाही, सर्व्हिस बुकानं ठरवलेली आहे. रहस्यकथेत इतका कोरडा, इतका कारकुनी खलनायक मी दुसरा पाहिलेला नाही. कवीचा खून ज्यानं कुणी केला असेल त्याला गाठता येईल, पण कॅलेंडरवरच्या तारखेला बेड्या कुठून घालणार?

इथे वडिलांचा विषय येतो. आण्णा महाराष्ट्र पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडले. आपल्याकडे अठ्ठावन्न पूर्ण, आणि ज्या महिन्यात वाढदिवस असेल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टी. मी पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एक गोष्ट लेखकाची चलाखी वाटली होती. शेवटचे दहा दिवस असताना रीबस जुन्या, न सुटलेल्या केसेसची कागदपत्रं काढून बसतो आणि आपल्या हाताखालच्या शिव्होन क्लार्कच्या गळ्यात मारायला बघतो. मला वाटलं, कोण करतं असं? शेवटच्या आठवड्यात माणूस पेन्शनचे कागद बघेल की दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मढं उकरेल?

आण्णांच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी होतो. पेन्शनचे कागद मीच बघत होतो, कारण हे रोज ठाण्यात. किट जमा झालं होतं, ना-देय दाखला मिळाला होता, कुणी काम सांगतही नव्हतं. तरी सकाळी आठला बाहेर. गुरुवारी डबा विसरले म्हणून मी द्यायला गेलो, तर मागच्या खोलीत रायटरच्या टेबलाशी बसून एक पंचनामा वाचत होते. कागद इतका जुना की घडीवर फाटलेला, तिथे पारदर्शक पट्टी लावलेली, ती पण पिवळी पडलेली. कालव्यात सापडलेल्या एका बाईचा होता तो. ओळख पटली नाही, मारणारा सापडला नाही. पंचनाम्यात लिहिलं होतं, डाव्या हातात प्लास्टिकची एकच बांगडी, रंग पिवळा. आण्णा त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. "उजव्या हाताचं काही लिहिलंच नाही रे आम्ही," म्हणाले. "उजव्यात होती का नव्हती?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: गुन्हा खरा घडलाय, पण आरोपी मिळाला नाही, अशी केस आपल्याकडे कोर्टाच्या मंजुरीनं 'ए समरी' म्हणून बंद होते. खोटी तक्रार असेल तर बी, आणि खरी-खोटी काहीच म्हणता येत नसेल तर सी. पोलिसाच्या घरात वाढलेल्या पोराला ही बाराखडी शाळेतल्या बाराखडीच्या आधी पाठ होते. बी आणि सीचं कुणाला काही वाटत नाही. ए मात्र माणसाला रात्री उठवते. त्या बाईची केस ए समरीत गेलेली होती. आण्णांनी तो पंचनामा एका तरुण पोरीला, नव्यानं आलेल्या पीएसआयला, वाचून दाखवला. ती मान हलवत होती आणि एका डोळ्यानं फोन बघत होती. तिची चूक नाही. तिच्या नावावर चालू गुन्हेच पुष्कळ असतील.

त्या रात्री मी 'एक्झिट म्युझिक' पुन्हा काढली. शिव्होनची बाजू तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. इतकी वर्षं ती याच्या सावलीत काम करतेय, आणि आता तो निघालाय म्हटल्यावर जबाबदारी तिच्याकडे येतेय. म्हातारा मात्र दार अडवून उभा. जा म्हणवत नाही, थांब म्हणण्यात अर्थ नाही. तिला त्याची पद्धत माहीत आहे, म्हणजे नियम धाब्यावर, वरिष्ठांशी वाकडं, रात्री ऑक्सफर्ड बारमध्ये. (हा बार यंग स्ट्रीटवर खरोखर आहे, रीबसचे वाचक तिथे वारी करतात.) त्याच्यासारखं व्हायचं नाही हेही तिला कळतंय, आणि आपण थोडे तसेच झालोत हेही. दोघांचं नातं कुठे उघड बोललं जात नाही. आपल्या घरातल्या बाप-लेकीसारखं, सगळं जेवलास का, निघालीस का एवढ्यावर.

कादंबरीत कमी पडणारी गोष्टही सांगतो. मधला बँका-राजकारण-रशियन पैसा हा भाग लांबलाय. नावं इतकी येतात की मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं यादी केली होती. तिथे कंटाळा आला तर पटापट पुढे जा, रीबस पुन्हा कॅफर्टीसमोर येईपर्यंत.

कारण खरी शेवटची केस ती आहे. बिग जेर कॅफर्टी हा एडिंबराचा दादा, नव्वदच्या दशकापासून पुस्तकांत रीबसच्या बोकांडी बसलेला. तुरुंगात गेला, बाहेर आला, पांढरपेशा झाला, पण रीबसच्या हाताला कायमचा कधी लागला नाही. ही रीबसची ए समरी म्हणा. कवीच्या खुनाचा तपास चालू असताना कुणीतरी या कॅफर्टीवर जीवघेणा हल्ला करतं, आणि संशय येतो तो थेट रीबसवर. निवृत्तीला हातावर मोजण्याइतके दिवस आणि माणूस स्वतःच्याच खात्याच्या नजरेत संशयित. शेवटच्या पानांवर कॅफर्टी हॉस्पिटलात बेशुद्ध आहे, रीबस खाटेशेजारी आहे, आणि कॅफर्टीचं हृदय थांबतं. रीबस त्याच्या छातीवर दोन्ही हात टेकवून दाबत सुटतो. ज्याला आयुष्यभर संपवायला बघितलं, त्याला जगवायला धडपडतो. लेखक त्याच्यावर एक वाक्य भाष्य करत नाही. तो का दाबतोय, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. असा सहज, फुकटात मेला तर माझी केस कायमची उघडी राहील, हा राग त्यात आहे असं मला वाटतं. तुम्हाला माया दिसली तर तीही असेल.

आता 'शेवटची' या शब्दाबद्दल. २०१२ मध्ये रँकिननं रीबसला परत आणलं. जुन्या केसेसच्या विभागात, बिनवर्दीचा, बिनअधिकाराचा नागरिक म्हणून. पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात तो पुन्हा खात्यात घेतला गेला, पण एक पायरी खाली. २०२४ च्या कादंबरीत तर तो स्वतः तुरुंगात आहे. मित्र म्हणाले, हा धंदा आहे, प्रकाशकाला पैसे हवेत. असेलही. पण आण्णा रिटायर झाल्यावर दीड वर्षानं दारात समन्स आलं. तपासी अंमलदार म्हणून साक्ष, एका जुन्या मारामारीच्या केसमध्ये. नोकरी सुटली तरी साक्ष सुटत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. इस्त्रीचा सफारी घातला, सकाळची पहिली एसटी पकडली, कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवी हवालदाराकडून आपलेच जुने कागद मागून घेतले आणि बाकावर बसून परीक्षेच्या पोरासारखे वाचले. दुपारी चारला पुढची तारीख पडली. असं चार वेळा झालं. ए समरीवाल्या बाईसाठी मात्र कुणी समन्स काढत नाही. तिचं त्यांना स्वतःलाच आठवावं लागतं.

आण्णांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून मी त्यांना ही सगळी कादंबरी दोन संध्याकाळी तोंडी सांगितली. रशियन कवीच्या भागात ते पेंगले. कॅफर्टीच्या खाटेशी आलो तेव्हा सरळ होऊन बसले. रीबस छाती दाबतोय, डॉक्टर धावतायत, आणि इथे पुस्तक संपलं, असं म्हणून मी थांबलो. वाटलं, काहीतरी बोलतील.

"जबाब घेतला होता का त्याचा?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"त्या दादाचा. आधी कधी शुद्धीवर होता का? मग मृत्युपूर्व जबाब घ्यायचा. तहसीलला फोन करायचा, नायब तहसीलदारांना बोलवायचं. छाती काय, डॉक्टर दाबतील."