फॉर्म नंतर, आधी अंगणवाडी

प्रश्न : मी गृहविज्ञान महाविद्यालयात मानव विकास शिकवते. तृतीय वर्षाच्या मुलींच्या लघुप्रकल्पाचा विषय बहुधा ठरलेला असतो : ‘मोबाइलचा लहान मुलांवर होणारा परिणाम’. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरतो, मैत्रिणी-मावश्या तो भरतात, टक्केवारी निघते आणि प्रकल्प जमा होतो. मूल कुणी पाहतच नाही. संशोधन पद्धती शिकवू तरी कशी?
– एक प्राध्यापिका, अमरावती

उत्तर : पहिला महिना फॉर्मला हातच लावू देऊ नका. पर्यवेक्षिकाबाईंची परवानगी काढा आणि मुलींना अंगणवाडीत न्या.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेची १९३२ सालची पद्धत मी वर्षानुवर्षं वापरली. एकेका मुलाकडे मिनिटभर पाहायचं आणि ते काय करतंय ते लिहायचं : नुसतं रेंगाळतंय, दुसऱ्यांचा खेळ बघतंय, एकटंच खेळतंय, शेजारी बसून आपापलं खेळतंय, इतरांत मिसळलंय, की सगळे मिळून ठरवून खेळताहेत. दोघींनी एकाच वेळी एकाच मुलाच्या नोंदी करायच्या, पण एकमेकींच्या वहीत डोकवायचं नाही. वीसपैकी चौदा नोंदी जुळल्या तर सत्तर टक्के. उरलेल्या सहांवर वर्गात वाद होऊ द्या. विश्वसनीयता म्हणजे काय, म्हणजेच दोघींच्या नोंदी कितपत जुळतात, हे त्या वादात जितकं कळतं तितकं माझ्या कुठल्याच व्याख्यानातून कळलेलं नाही. ‘मूल हट्टी आहे’ असं लिहिलं असेल तर खोडायला लावा. ‘बाहुली ओढून घेतली, परत मागितली तेव्हा पाठ फिरवली’ ही खरी नोंद.

मग मोबाइलकडे या. ‘परिणाम’ हा शब्द आधी काढा. मोबाइलमुळे मूल चिडचिडं झालं, की चिडचिड करतं म्हणून आईने मोबाइल दिला, हे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून सांगता येत नाही. ‘जेवताना मोबाइल कोण देतं आणि कधी?’ एवढा प्रश्न पुरे आहे.

मुलाखतींचा सराव मात्र जपून घ्या. सासूबाई समोर बसल्या असताना ‘मुलांचे निर्णय घरात कोण घेतं?’ असं विचारलं, तर सून मान खाली घालून ‘आई’, म्हणजे सासूबाईच, असं म्हणते. तीच सून विहिरीवर किंवा बचत गटात वेगळं सांगते. दोन्ही उत्तरं लिहून घ्यायची आणि कोण समोर होतं तेही लिहायचं. आपल्याकडच्या कुटुंबाच्या अभ्यासात हे सुटलं, तर आकडे कितीही असोत, मला ते पटत नाहीत.

संमतीबाबत तडजोड नको. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं पालकांची संमती मागतात आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. अंगणवाडीतली मुलं त्याहून लहान असतात, तरी मूल तोंड फिरवू लागलं की वही मिटायची. नावं, फोटो प्रकल्पात नकोत. सेविकाताई मुलांची वजनं घेतात त्या दिवशी जाऊ नका, त्यांना त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते.

गुणांपैकी निम्मे क्षेत्रनोंदींच्या वहीला ठेवा आणि हे मुलींना पहिल्याच तासाला सांगून टाका.