'बेकायदा विद्यार्थी' हा प्रयोग योग्य आहे का?

अमेरिकेतील शालेय खर्चावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. वास्तव्याचा परवाना नसलेल्या मुलांना 'बेकायदा विद्यार्थी' म्हणावे की 'अवैध विद्यार्थी', हा पहिला प्रश्न; आणि त्यांच्या शिक्षणावरील खर्चाला 'सरकारी खर्च' म्हणावे की 'करदात्यांचा पैसा', हा दुसरा.

पहिल्या प्रश्नातले दोन्ही पर्याय टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'बेकायदा' आणि 'अवैध' यांच्या अर्थात येथे फारसा फरक नाही; अडचण त्यांच्यापुढच्या नामाची आहे. बेकायदा बांधकाम, बेकायदा सावकारी, अवैध वाळूउपसा असे आपण म्हणतो, तेव्हा विशेषण ज्या नामाला लागले आहे नेमके तेच कायद्याविरुद्ध आहे, असे सांगत असतो. त्या न्यायाने 'बेकायदा विद्यार्थी' म्हणजे ज्याचे शाळेत शिकणेच कायद्याला मान्य नाही असा मुलगा. अमेरिकेत वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

टेक्सास राज्याने 1975 मध्ये असा कायदा केला की, देशात कायदेशीररीत्या न आलेल्या मुलांसाठी राज्याचा निधी मिळणार नाही आणि स्थानिक शाळा-प्रशासन त्यांना प्रवेश नाकारू शकेल. त्याआधारे टायलर शहरातील शाळा-प्रशासनाने 1977 मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,000 डॉलर शुल्क मागितले. मेक्सिकोतून आलेल्या काही मजूर कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. ही कुटुंबे लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे ठेवली होती, आणि तेथूनच देशाबाहेर पाठवले जाऊ या भीतीने एक कुटुंब घरातले सामान गाडीत भरूनच आले होते. हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. 1982 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, पालकांच्या कृतीची शिक्षा मुलांना देऊन त्यांना सार्वजनिक शाळेबाहेर ठेवता येणार नाही. हा निकाल शालेय शिक्षणापुरता आहे, महाविद्यालयाला तो लागू नाही. पण शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलाचे विद्यार्थी असणे त्याने पूर्णपणे कायदेशीर ठरवले. परवाना नाही तो वास्तव्याचा. म्हणून 'वास्तव्याची कागदपत्रे नसलेले विद्यार्थी' ही रचना लांब असली, तरी तीच वापरावी.

'बेकायदा प्रवेश केलेले विद्यार्थी' हा मधला मार्गही सुचवला जातो. तो मराठीत अधिकच फसवा आहे, कारण आपल्याकडे विद्यार्थ्याच्या संदर्भात 'प्रवेश' म्हटले की देशाची सीमा आठवत नाही. गुणवत्ता यादी, देणगी आणि बनावट दाखले आठवतात. नुसते 'स्थलांतरित विद्यार्थी' म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे हंगामाला आईवडिलांबरोबर फडावर जाणारी ऊसतोड कामगारांची मुले येतील, तेव्हा 'परदेशातून आलेले' हे शब्द जोडावे लागतील. 'घुसखोर' हा शब्द तर पूर्णपणे वगळावा. त्यात हेतू गृहीत धरलेला असतो, आणि दोन वर्षांच्या वयात कडेवर बसून आलेल्या मुलाला हेतू चिकटवणे अन्यायाचे आहे.

एका षष्ठी प्रत्ययाकडे मात्र अनुवादकाने विशेष लक्ष द्यावे. 'कागदपत्रे नसलेली मुले' आणि 'कागदपत्रे नसलेल्यांची मुले' हे दोन वेगळे गट आहेत. दुसऱ्या गटात अमेरिकेत जन्मलेली, म्हणून जन्माने अमेरिकी नागरिक असलेली पुष्कळ मुले येतात. खर्चाचे काही मोठे आकडे हे दोन्ही गट एकत्र धरून काढलेले असतात. तेव्हा मूळ लेखातला आकडा कोणत्या गटाचा आहे हे पाहूनच प्रत्यय निवडावा. शिवाय शाळा सहसा मुलाच्या वास्तव्याच्या परवान्याची नोंद ठेवत नाहीत, त्यामुळे असा प्रत्येक आकडा हा अंदाजच असतो. 'खर्च झाला' असे न लिहिता 'अंदाजे खर्च' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'सार्वजनिक खर्च' असे आहे. 'सरकारी' म्हटले की मराठी वाचक राज्य किंवा केंद्र सरकार समजतो. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करावर आणि राज्याच्या निधीवर चालतो, केंद्राचा वाटा लहान असतो. 'करदात्यांचा पैसा' या शब्दांत तर ही कुटुंबे कर भरतच नाहीत, असा दावा दडलेला आहे. टेक्सासमध्ये व्यक्तींवर राज्याचा प्राप्तिकरच नाही. राज्याचे करांचे उत्पन्न मुख्यतः विक्रीकरातून येते, आणि तो दुकानात खरेदी करणारा प्रत्येक जण भरतो. मालमत्ता करही भाडेकरू घरभाड्यातून अप्रत्यक्षपणे भरतच असतो. वापरायचेच असेल, तर 'करांतून होणारा खर्च' असे लिहावे. त्यात कर कोणी भरला याविषयी काहीही गृहीत धरलेले नाही.