आजीचा शनी आपला कसा?

चिनू,

परवा आजी फोनवर म्हणाली, शनिवारी केस कापू नकोस. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, वारांची नावं तर रोमन लोकांची ना? मग हा शनी आपला कसा?" मी तेव्हा काही बोलले नाही. लागलं जरा.

तुझं बरंचसं खरं आहे. ग्रहांचे वार आपल्याकडे बाहेरून आले. ज्या 'होरे'वरून, म्हणजे एकेका ग्रहाच्या तासावरून, त्यांचा क्रम लागतो, तो शब्दही ग्रीक. मध्य प्रदेशात एरणला इ.स. 484 च्या शिलालेखात गुरुवार आहे, इतका जुना वार आपल्याकडे क्वचितच कोरलेला सापडतो. पण रोमनांनी तरी ते कुठे घरी बनवले होते? आणि तुमच्या जर्मनांनी ज्युपिटरच्या जागी गडगडाटाचा देव बसवून गुरुवारचा डॉनर्सटाग केलाच की. आपण बृहस्पती बसवला.

माझा गुरुवार मात्र चिंचवडचा. आप्पांच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी, आम्हाला रविवारी. त्यात गुरुवारी लाइट जायची. मग आप्पा बनियनवर ओट्यावर बसून, दाभण घेऊन आमच्या दप्तरांचे बंद शिवायचे. शाळेतून आलं की आधी ते दप्तर ओढून बघायचे, टाका धरलाय का.

आणि तुझे पणजोबा तर पुण्यात वार लावून जेवले. गरीब मुलगा, शिकायला आलेला. रोज एका घरी जेवण, सात वार, सात घरं. मंगळवारच्या घरी ताक पातळ. शुक्रवारच्या काकू न मागता पोळी वाढायच्या, म्हणून म्हातारपणीही शुक्रवारी पहिला घास घेताना ते त्यांचं नाव काढायचे. त्यांच्या शुक्रवारात शुक्र कुठेच नव्हता.

आजीचा शनिवार म्हणजे मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ, आणि केस-नखं कापायची नाहीत. का, ते तिलाही कुणी सांगितलेलं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, धपाटा मिळाला. मला पटतं का? नाही. तरी शनिवारी नेलकटर हातात घेतलं की हात अडतो, हेही खरं.

तुला सक्ती नाही. इथे जर्मनीत रविवारी सगळं बंद, सोमवारी बरीच सलून बंद, तू शनिवारी जा खुशाल. फक्त आजीला लगेच रोमन लोक ऐकवू नकोस. त्यापेक्षा तिला सासऱ्यांची ती सात घरं विचार. मला पाचच आठवतात, तिला आडनावांसकट पाठ आहेत.

तुझी आई