मालवणला स्कूबा करायचंय, भरती-ओहोटी बघून तारीख ठरवावी का?

हो, नक्की बघा. बहुतेक जण फक्त सुट्टी बघून येतात आणि गढूळ पाणी बघून परततात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा चढ-उतार कमी, तेव्हा पाणी त्यामानाने शांत. पण अष्टमीला भरती पहाटे सहाच्या सुमारास आणि ओहोटी ऐन दुपारी, म्हणजे दहाच्या डाइव्हला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येत असतं. कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे अंदाजे भरतीची वेळ. द्वादशीला साधारण नऊ. म्हणून मी दशमी ते द्वादशी सुचवेन, सकाळची पहिली बोट. वारा मात्र हा सगळा हिशोब बिघडवू शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी बोटवाल्याला विचाराच.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे. पट्टेरी सार्जंट मेजर मासे, पोपटमासे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) दिसतात. अंदमानसारखे रंग मनात धरून येऊ नका. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय टेकू नका, आणि फोटोसाठी माशांना बिस्किटं तर अजिबात नकोत. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं.