सिम्युलेटरमध्ये दोन इंजिनांच्या विमानाचा टेकऑफ कसा शिकावा?

तुमचा प्रश्न असा आहे: एका इंजिनाच्या सेस्ना १७२ वर टेकऑफ व्यवस्थित जमतो, पण एक्स-प्लेन या सिम्युलेटरमधलं दोन इंजिनांचं बॅरन ५८ धावपट्टीवर डावीकडे ओढतं, आणि टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद करून पाहिलं की उलटतं. चुकतंय कुठे?

ओढतं ते रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) कमी पडतो म्हणून, उलटतं ते वेग कमी पडतो म्हणून. आधी वेगाचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे.

बॅरनच्या वेगमापकावर १७२ मध्ये नसलेल्या दोन रेघा आहेत. कमी वेगाच्या बाजूला ८४ नॉटवर लाल रेघ, १०१ नॉटवर निळी. एक इंजिन बंद आणि दुसरं पूर्ण ताकदीवर असताना रडर शेवटपर्यंत दाबून विमान ज्या वेगापर्यंत सरळ धरता येतं, तो वेग म्हणजे लाल रेघ. एका इंजिनावर सर्वांत जलद चढता येतं, तो वेग म्हणजे निळी. रडरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ८४ ऐवजी ७० नॉट असतील तर जेमतेम ७० टक्के जोर उरतो, पण चालू इंजिनाची ओढ काही कमी होत नाही. मग नाक बंद इंजिनाकडे वळतं, त्या बाजूचा पंख खाली जातो आणि विमान पालथं होतं. १७२ मध्ये ५५ नॉटला नाक उचलायची सवय असते आणि हलकं भरलेलं बॅरन जोरात ओढलंत तर ८४ च्या आतही जमीन सोडतं. तिथेच घात होतो. ८५ नॉट दिसेपर्यंत चाकं जमिनीवरच राहू द्या.

आता डावीकडची ओढ. बॅरनचे दोन्ही प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे दोघांचीही ओढ डावीकडेच. उजवा रडर लागणारच, आणि पूर्ण पॉवरला १७२ पेक्षा बराच जास्त. पण त्याआधी सेटिंग तपासा. जॉयस्टिकला दोन लिव्हर असतील तर एकाला थ्रॉटल १ आणि दुसऱ्याला थ्रॉटल २ नेमून द्या आणि कॅलिब्रेट करा. एक लिव्हर दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे राहिला तरी विमान तिरकं धावतं, आणि दोष उगाच रडरला दिला जातो. दुसरं म्हणजे, रडरसाठी कोणताच अक्ष नेमला नसेल तर एक्स-प्लेन रडर स्वतः सांभाळतं. मग तुमच्या पायाला काहीच शिकायला मिळत नाही. पेडल नसतील तर पीळ देता येणारी जॉयस्टिक चालेल, पण अक्ष नेमलेला हवाच.

टेकऑफ असा करा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर, ट्रिम (नाकाचा समतोल राखणारं चाक) टेकऑफच्या खुणेवर, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) उघडे, प्रोपेलरचे लिव्हर पूर्ण पुढे. समुद्रसपाटीजवळ मिक्स्चरचे (इंधन-हवेच्या मिश्रणाचे) लिव्हरही पूर्ण पुढे. मध्यरेषेवर आल्यावर काही मीटर सरळ पुढे जा, म्हणजे पुढचं चाक सरळ होईल. ब्रेक धरून दोन्ही इंजिनं २,००० आरपीएमपर्यंत न्या आणि जोडीचे काटे सारखे आहेत का ते पाहा. ब्रेक सोडा आणि तीन-चार सेकंदांत पूर्ण थ्रॉटल द्या. झटका दिलात तर एक इंजिन आधी जोर धरतं आणि नाक भरकटतं. ८५ ला नाक हळूच उचला आणि १०५ नॉटवर चढा. चढण स्थिर झाली आणि खाली उतरण्याइतकी धावपट्टी उरली नाही, की मगच गिअर (चाकं) वर. ५०० फुटांवर आधी थ्रॉटल मागे घेऊन मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) २५ इंचांवर आणि मग प्रोपेलर २,५०० आरपीएमवर आणा. हा क्रम उलटा करू नका. कानाला आवाज वर-खाली होत घुमल्यासारखा वाटला, तर दोन प्रोपेलरचा आरपीएम जुळलेला नाही. एकच लिव्हर किंचित हलवत तो घुमार बंद होईपर्यंत जुळवा.

इंजिन गेलं तर काय करायचं, हे थ्रॉटल पुढे करण्याआधी मोठ्याने म्हणा. जमिनीवर असाल तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि ब्रेक. हवेत असाल, पण गिअर खाली आणि समोर पुरेशी धावपट्टी असेल, तरीही दोन्ही मागे आणि खाली. गिअर वर गेल्यानंतर मात्र उडायचं: नाक खाली आणून निळी रेघ धरा, सगळे लिव्हर पुढे, गिअर आणि फ्लॅप वर. ज्या पायावर जोर नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं. त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करा. आवाजात आणि ओढीत फरक पडला नाही तर ओळख बरोबर. मग त्याचा प्रोपेलर फेदर करा, म्हणजे पाती हवेला आडवी राहत नाहीत. चालू इंजिनाच्या बाजूला पाच अंशांपर्यंत कल द्या. वेग लाल रेघेकडे घसरू लागला आणि रडर पुरेना, तर चालू इंजिनाची पॉवर कमी करून नाक खाली करा. मन उलट सांगेल, पण उलटण्यापासून तेच वाचवतं.

सरावासाठी एक्स-प्लेनच्या फेल्युअर्समध्ये इंजिन ठरावीक वेगाला किंवा ठरावीक उंचीवर बंद पाडता येतं. आधी वारा शून्य ठेवून डावं इंजिन ६० नॉटला बंद पाडा आणि थांबायला शिका. मग तेच ४०० फुटांवर. डावं यासाठी, की ते गेल्यावर उरलेल्या उजव्या इंजिनाची ओढ विमानाच्या मध्यापासून जास्त लांब पडते, म्हणजे रडरची खरी परीक्षा. मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी यासाठी मला उत्तम वाटते: लांबी ३ किलोमीटरहून जास्त, उंची जवळपास समुद्रसपाटीची, आणि पुढे लगेच अरबी समुद्र.

पूर्ण वजनाला, म्हणजे ५,५०० पौंडांना, बॅरन समुद्रसपाटीला दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सुमारे १,७०० फूट चढतं, एकावर ४०० फूटसुद्धा नाही. निम्मी ताकद गेली की तीन चतुर्थांशांहून जास्त चढण जाते. म्हणून मुंबईत जमल्यावर १,९४२ फुटांवरच्या पुण्यातून हाच सराव करा आणि फरक आकड्यांत लिहून ठेवा. लेहला साडेदहा हजार फुटांवर पूर्ण वजनाचं बॅरन एका इंजिनावर चढतच नाही; तिथे गिअर वर गेल्यावर इंजिन गेलं, तर निळी रेघ धरून समोर उतरायला जागा शोधायची.